साच्यांतील रिकामी जागा

इ. स. १८३२ च्या जानेवारी महिन्याच्या ६ व्या तारखेस बाळशास्त्री जांभेकर यांच्या 'दर्पण' पत्राचा पहिला अंक मुंबईस निघाला, हें आपल्यापैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. त्या पत्राच्या पानाची रचना मात्र पुष्कळांच्या ध्यानांत नसते. पानाचे उभे रकाने असत. एकांत इंग्रजी मजकूर व दुसऱ्यांत मराठी. शास्त्रीबोवांस दुसरा मार्गच नव्हता. कागद एकदां छापखान्याबाहेर पडला म्हणजे तो कोणाच्या हातीं जाईल हें सांगतां येत नाहीं. केवळ इंग्रजी जाणणाऱ्याच्या हातीं गेला तर मराठीची जागा त्याला फुकट, व केवळ मराठी जाणणाऱ्याच्या हातीं गेला तर इंग्रजीची. तरी दोन्ही छापावयास पाहिजेतच.

आज आपण संगणकावर किंवा हातांतल्या फोनवर एखादें संकेतस्थळ उघडतों, वरच्या कोपऱ्यांतील 'मराठी' या शब्दावर बोट ठेवतों, आणि तेंच पान मराठींत दिसूं लागतें. रकाने नाहींत, जागा वायां गेलेली नाहीं. हें कसें घडतें? त्या पानाच्या दोन प्रती कोणी अगोदर करून ठेविलेल्या असतात काय? कीं यंत्र त्याच क्षणीं भाषांतर करितें? तसें करणारीं यंत्रें आज आहेत खरीं. परंतु जेथें शब्द चुकून चालत नाहीं तेथें माणसानें तपासून ठेविलेलें भाषांतरच बरें, आणि तें योग्य क्षणीं शोधून काढून पानांत बसविण्याची एक निराळीच युक्ति आहे. ती सांगावी हा या लेखाचा उद्देश आहे. तींत चूक कोठें होते हेंही सांगावयाचें आहे. कारण तशी एक चूक प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या हातून झालेली आहे.

पहिला विचार मनांत येतो तो प्रतींचाच. चाळीस पानांचें संकेतस्थळ तीन भाषांत पाहिजे असल्यास एकशें वीस पानें लिहून ठेवावीं, म्हणजे झालें! परंतु कचेरी उघडण्याची वेळ दहाऐवजीं साडेदहा झाली कीं ती तीन ठिकाणीं बदलावी लागते. इंग्रजी पानावर ती त्याच दिवशीं बदलते, हिंदी पानावर आठ दिवसांनीं, आणि मराठी पानावर बहुधा कोणीतरी तक्रार करीपर्यंत बदलतच नाहीं. ज्यांनीं असें काम केलें आहे त्यांस याचें आश्चर्य वाटणार नाहीं.

म्हणून साचा आला. आपल्या शाळेच्या कचेरींत दाखल्याचे छापील कोरे कागद असतात. 'कुमार' या शब्दापुढें रिकामी जागा, 'इयत्ता' या शब्दापुढें रिकामी जागा, खालीं तारखेची जागा. कारकून विद्यार्थ्याचें नांव पाहून जागा भरतो. आतां अशी कल्पना करा कीं, त्या कागदावर 'कुमार', 'इयत्ता', 'तारीख' हे शब्दही छापलेले नाहींत. त्यांच्या ठिकाणीं केवळ खुणा आहेत, आणि कारकुनाच्या मेजावर तीन वह्या आहेत. एक इंग्रजी, एक हिंदी, एक मराठी. प्रत्येक वहींत त्याच खुणा ओळीनें लिहिलेल्या असून प्रत्येकीपुढें त्या त्या भाषेंतील शब्द आहे. विद्यार्थी आला कीं कारकून प्रथम विचारतो, "दाखला कोणत्या भाषेंत पाहिजे?" मग ती वही उघडतो, खूण शोधतो, समोरचा शब्द उतरून घेतो. कागदाचा साचा एकच, वह्या तीन. वेळ बदलली तर साच्यांत एकदांच बदलावयाची. चौथी भाषा आली तर साच्यास हात न लावतां चौथी वही करावयाची.

संकेतस्थळाचें काम याहून निराळें नाहीं. तेथें कारकुनाच्या जागीं सर्व्हर असतो, म्हणजे मागणी येतांच पान तयार करून पाठविणारा दूरचा संगणक. आणि त्याला हें सर्व एका क्षणाच्या अल्पांशांत करावें लागतें. शब्दकोश पाहण्याची आपल्याला संवय असते. मोल्सवर्थ यांचा १८३१ सालचा मराठी-इंग्रजी कोश उघडला म्हणजे एका शब्दापुढें त्याचे अनेक अर्थ दिसतात, व त्यांतला कोणता घ्यावा हें वाचकानें ठरवावयाचें असतें. सर्व्हरास ठरवितां येत नाहीं. त्याच्या वहींत एका खुणेपुढें एकच उत्तर पाहिजे.

या वह्यांची एक प्रसिद्ध पद्धति 'गेटटेक्स्ट' या नांवानें ओळखली जाते. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनींत १९९० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत तिचा उगम झाला, आणि १९९५ सालीं उलरिश ड्रेपर यांनीं ग्नू या मुक्त आज्ञावलींच्या प्रकल्पाकरितां तिची सर्वांस वापरतां येईल अशी आवृत्ति तयार केली. या पद्धतींत खूण म्हणून अंक किंवा सांकेतिक नांव न घेतां मूळ इंग्रजी वाक्यच घेतात. वहीची प्रत्येक नोंद दोन ओळींची; वर मूळ वाक्य, खालीं भाषांतर. ही वही साधी, कोणासही वाचतां येण्यासारखी असते. काम पुरें झालें म्हणजे तिच्यापासून यंत्रास झटकन् शोधतां येईल अशी दुसरी घट्ट बांधलेली वही तयार करितात. दुसऱ्या एका पंथाचे लोक म्हणतात कीं, मूळ वाक्यांत एक स्वल्पविराम बदलला तरी खूण मोडते, म्हणून 'मुखपृष्ठ-मथळा' अशीं स्थिर नांवेंच खुणा म्हणून घ्यावीं. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. मीं दुसऱ्या पंथानें काम केलें, आणि त्याचा परिणाम पुढें सांगतों.

वाचकाची भाषा कोणती, हें सर्व्हरास कळतें कसें? आपण पान मागतों तेव्हां आपला ब्राउझर, म्हणजे पान दाखविणारी आज्ञावली, मागणीबरोबर एक लहानशी चिठ्ठी पाठवितो. तींत असें लिहिलेलें असतें कीं, मराठी मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास हिंदी, तिची योग्यता आठ दशांश. तीही नसल्यास इंग्रजी, तिची योग्यता पांच दशांश. मराठीकरितां 'एम्-आर' हीं दोन अक्षरें सर्व जगांत ठरलेलीं आहेत. योजना सुंदर आहे. परंतु कित्येकांचे फोन दुकानांतून आणल्या दिवसापासून इंग्रजीवरच असतात, व मालक मराठी वाचणारा असला तरी चिठ्ठी इंग्रजीच मागते. म्हणून कोपऱ्यांतील तें भाषेचें बटण. कांहीं लोक वाचक कोणत्या गांवाहून आला हें पाहून भाषा ठरवितात. तो तर शुद्ध अविचार आहे. इंदूर, बडोदें, बेळगांव, तंजावर येथें पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांनीं किंवा इस्राएलांत गेलेल्या बेने इस्राएल लोकांनीं कोणती भाषा वाचावी, हें त्यांच्या गांवावरून कोणी ठरवावें?

आतां खरा कठीण भाग येतो.

वह्या भरण्यासाठीं प्रथम साच्यांत कोणकोणतीं वाक्यें आहेत यांची यादी पाहिजे. हजारों ओळी हातानें चाळणें कोण करणार? म्हणून एक वेंचणी करणारी आज्ञावली असते. ती सर्व साचे वाचीत जाते, भाषांतराची खूण केलेलें वाक्य दिसलें कीं तें उचलून वहींत लिहिते. शेतांत वेंचणीस आलेली बाई जसा फुटलेला कापूस तेवढाच वेंचते, तसें हें काम आहे. पण ती साचा केवळ वाचते, चालवून पाहत नाहीं. साच्यांत 'येथें "स्वागत" हा शब्द भाषांतर करून घाल' असें स्पष्ट लिहिलें असेल तर तिला 'स्वागत' दिसतो. परंतु 'येथें जो शब्द त्या वेळीं हातांत येईल तो भाषांतर करून घाल' असें लिहिलें असेल तर? तो शब्द अजून अस्तित्वांतच नाहीं. वाचक येईल, भांडारांतून त्याची नोंद निघेल, तेव्हां तो शब्द ठरेल. वेंचणी करणारी रिकाम्या बोंडापुढून निघून जाते, आणि वहींत नोंद होत नाहीं. साच्यांत चूक नाहीं, वहींत चूक नाहीं, तरी वाचक येतो तेव्हां शोध निष्फळ होतो.

जँगो म्हणून संकेतस्थळें बांधण्याचें एक प्रसिद्ध साधन आहे. अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांत लॉरेन्स या गांवीं एका वर्तमानपत्राच्या कचेरींत तें जन्मास आलें व २००५ सालीं सर्वांस खुलें झालें. 'दर्पण'काराच्या अडचणीवरचा एक उपाय अशा रीतीनें वर्तमानपत्राच्याच घरांत तयार झाला, ही मौजेची गोष्ट आहे. त्या साधनाच्या साच्यांत असा चल शब्द भाषांतरास देण्याची सोय आहे. मात्र तो शब्द वहींत अगोदर असावा याची काळजी ज्याची त्यानें घ्यावयाची असते. ती काळजी घेतली नाहीं म्हणजे काय होतें तें मीं पाहिलेलें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं मी एका लहान कचेरींत काम करीत असतांना एका रुग्णालयाच्या रक्ततपासणीच्या विभागासाठीं आम्हीं एक संकेतस्थळ बांधलें. रोग्यानें आपल्या कागदावरचा क्रमांक घातला कीं तपासणी कोठवर आली तें त्याला दिसावें, एवढेंच त्याचें काम. स्थिति तीन होत्या: नमुना मिळाला, तपासणी चालू आहे, अहवाल तयार आहे. भांडारांत प्रत्येक स्थितीस एक अंक होता. तो अंक घेऊन साच्यांत खूण तयार होई, व ती वहींत शोधून वाचकाच्या भाषेंतील शब्द पानावर येई. पुढें तपासणी विभागानें चौथी स्थिति वाढविली. रक्त गोठलेलें किंवा कमी असल्यास नमुना पुन्हां घ्यावा लागे, त्याची ती स्थिति. इंग्रजी वहींत ती कोणीतरी घातली. मराठी वहींत घालावयाची राहिली. वेंचणी करणाऱ्या आज्ञावलीनें कांहीं सांगितलें नाहीं, कारण तिला 'स्थिति' या शब्दापुढें केवळ एक रिकामी जागा दिसत होती.

आणि येथें माझी चूक. खूण वहींत न सांपडल्यास काय दाखवावें, हा प्रश्न प्रारंभींच माझ्यापुढें आला होता. सांकेतिक नांव पानावर दिसणें मला कुरूप वाटलें. मीं ठरविलें कीं, न सांपडल्यास कांहींच दाखवूं नये.

एके दिवशीं साठीच्या पुढचे एक शेतकरी नातवाच्या फोनवर आपला क्रमांक घालून पाहत होते. 'तपासणीची स्थिति' असें मराठींत लिहिलेलें, आणि पुढें कोरी जागा. त्यांनीं त्याचा सरळ अर्थ केला: सांगण्यासारखें कांहीं नाहीं, म्हणजे दोष निघाला नाहीं. दुपारच्या एस्. टी. नें ते गांवीं परत गेले. आठ दिवसांनीं खिडकीवरील सिस्टरांनीं जुने कागद चाळतांना तो नमुना पाहिला, निरोप पाठविला, आणि रक्त पुन्हां घेतल्यावर औषधोपचार सुरू झाला. फारसें बिघडलें नाहीं, असें डॉक्टर म्हणाले. पण आठ दिवस गेले ते गेलेच, आणि ते माझ्या एका ओळीमुळें गेले.

न सांपडलेल्या शब्दाविषयीं निरनिराळ्या लोकांनीं निरनिराळे नियम केलेले आहेत. गेटटेक्स्टमध्यें भाषांतर नसल्यास मूळ इंग्रजी वाक्यच पुढें येतें; मराठी पानावर तें परकें दिसतें, पण कोणास तरी वाचून घेतां येतें. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकि आज्ञावलींत खूण सांपडली नाहीं कीं ती कोनदार कंसांत जशीच्या तशी दाखवितात. पाहणाऱ्यास तेव्हांच कळतें कीं येथें कांहीं मोडलें आहे. पूर्वीं मला हें ओबडधोबड वाटे. आतां वाटत नाहीं. कुरूप खूण 'मला उत्तर मिळालें नाहीं' असें प्रामाणिकपणें सांगते. कोरी जागा मात्र कोणीं न दिलेलें उत्तर देते. जातां जातां एक गंमत: गेटटेक्स्टला जर रिकामा शब्दच शोधावयास दिला, तर वहीच्या आरंभीं लिहिलेला भाषांतरकाराचें नांव, तारीख वगैरे सर्व तपशील उत्तर म्हणून पानावर उमटतो; कारण वहींत तो तपशील रिकाम्या शब्दापुढेंच लिहून ठेवण्याचा प्रघात आहे. तेव्हां चल शब्द शोधावयास देण्यापूर्वीं तो रिकामा नाहीं ना, एवढें पाहावें.

उपाय काय? जो शब्द ऐन वेळीं ठरणार, त्याचे सर्व संभवनीय पर्याय एका ठिकाणीं अगोदर लिहून ठेवावे, आणि तेथें त्यांवर खूण करावी. ही खूण भाषांतर करीत नाहीं. ती वेंचणी करणारीला केवळ 'हा शब्द उचल' असें सांगते. भाषांतर पुढें, वाचक आल्यावर होतें. ही दोन कामें निराळीं आहेत हें ज्याला उमगलें त्याला या विद्येचें अर्धें मर्म कळलें. यापुढें एक पहारा बसवावा: सर्व वह्या एकमेकींशीं ताडून पाहाव्या, व एकींत असून दुसरींत नसलेली एक जरी खूण आढळली तरी नवी आवृत्ति बाहेर पडूं देऊं नये. आमच्याकडे हा पहारा त्या शेतकऱ्याच्या प्रसंगानंतर बसला.

आणखी एक खोंच आहे. पर्यायांची ती यादी आज्ञावली सुरू होतांच तयार होते. त्या वेळीं कोणीही वाचक आलेला नसतो. तेव्हांच भाषांतर करून टाकलें तर तें कोणत्या भाषेंत होईल? सर्व्हराची जी ठरलेली भाषा असेल तींत. आणि मग मराठी वाचक आला काय, तमिळ आला काय, सर्वांस तेंच दिसत राहील. यावर योजना अशी कीं, त्या ठिकाणीं शब्द न ठेवतां शब्दाचें वचन ठेवावें. आपल्या व्यापाऱ्यांत पूर्वीं दर्शनी हुंडी चाले. ती हुंडी म्हणजे रोकड नव्हे. ती पेढीवर दाखविली त्या वेळीं पैसे मिळत. तसें येथें 'भाषांतराची हुंडी' यादींत ठेवितात, व पान तयार होतांना, वाचक समोर असतांना, ती त्याच्या भाषेच्या पेढीवर वटते. जँगोमध्यें अशा भाषांतरास 'आळशी' भाषांतर म्हणतात. मला हुंडीच अधिक योग्य वाटते. आळशी माणूस दाखविल्याबरोबर पैसे देत नाहीं.

येथवर शब्द एकटा होता. तो वाक्यांत बसवावयाचा झाला म्हणजे मराठीची खरी कसोटी लागते.

इंग्रजींत गाडी कोठें जाते हें सांगतांना 'टू' हा शब्द घालून पुढें गांवाचें नांव जसेंच्या तसें ठेवितां येतें. साचा करणारा म्हणतो, मराठींत नांव अगोदर व 'ला' नंतर, एवढाच फरक. मग पानावर 'सातारा ला जाणारी गाडी' व 'पुणे हून सुटणारी गाडी' असें उमटतें. आपण साताऱ्याला जातों, पुण्याहून निघतों. विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वीं नामाचें सामान्यरूप होतें, हें व्याकरणाच्या तासाला आपण शिकलों. यंत्र त्या तासाला नव्हतें. नाशिकचें 'नाशिकला' बरोबर निघतें, आणि म्हणूनच चूक लवकर सांपडत नाहीं. तपासणारा नेमकें नाशिकच घालून पाहतो.

क्रियापदाचीही तीच तऱ्हा. अमुक माणसानें चित्र पाठविलें, हें ठीक. पण अमुक माणूस आला, कीं आली? इंग्रजीस हा भेद करावा लागत नाहीं, म्हणून मूळ साच्यांत त्याला जागाच नसते. मीडियाविकि आज्ञावलीनें अशी जागा ठेविली आहे. सदस्यानें आपलें लिंग सांगितलें असल्यास वाक्याचीं निरनिराळीं रूपें देतां येतात, आणि १ मे २००३ रोजीं सुरू झालेल्या मराठी विकिपीडियास तिचा उपयोग होतो. वचनांसाठीं तर पुष्कळ साधनांत सोय आहे. इंग्रजीस दोन रूपें पुरतात, जपानीस एकच, रशियनास पूर्णांकांपुरतीं तीन, अरबीस सहा लागतात. म्हणून प्रत्येक वहीच्या आरंभीं त्या भाषेचा वचनांचा नियम सूत्ररूपानें लिहून ठेवितात. मराठींत '१ पुस्तक' व '२ पुस्तकें' होतें, पण 'दिवस' एक असो वा दहा, दिवसच. तेथें 'राहिला' कीं 'राहिले' हें क्रियापद बदलतें. म्हणून केवळ नाम वहींत न घालतां सबंध वाक्य घालावें.

सबंध वाक्य घालावें, तुकडे घालूं नयेत, या एका नियमाचें जेवढें महत्त्व सांगावें तेवढें थोडेंच. इंग्रजी म्हणते 'वीसांतील पांचवें' तें पांच अगोदर व वीस मागाहून. मराठी म्हणते '२० पैकीं ५'. तुकडे जोडून वाक्य केलें असेल तर हा क्रम कोण उलटविणार? सबंध वाक्य भाषांतरकारास दिलें, व त्यांतील रिकाम्या जागांस नांवें दिलीं, म्हणजे तो त्या हव्या तशा मागेंपुढें करितो.

परंतु सातारा व पुणें यांचें काय करावें? एक मार्ग असा कीं, गांवांच्या यादींत प्रत्येकाचीं दोन रूपें ठेवावीं: 'सातारा' आणि 'साताऱ्या'. गांवें मोजकीं असल्यास हाच मार्ग उत्तम. माणसांच्या नांवांस तो चालणार नाहीं, कारण उद्यां कोणतें नांव येईल हें कोणास ठाऊक? या प्रश्नावर मी पुष्कळ दिवस डोकें खाजवीत होतों, आणि उत्तर घरांतल्या जुन्या पत्रांत सांपडलें. आपले पूर्वज नांवाला प्रत्यय लावीत नसत. 'राजश्री अमुक गोसावी यांसी' असें ते लिहीत. प्रत्यय 'यां'ला लागतो. नांव अभंग राहतें. आजही लग्नपत्रिकेंत 'श्री. अमुक यांचे चिरंजीव' व 'मुक्काम सातारा येथें' असेंच छापतात. 'अमुक यांनीं चित्र पाठविलें', 'अमुक यांस कळविलें', 'सातारा येथून सुटणारी गाडी': नांव कोणतेंही असो, वाक्य मोडत नाहीं. 'अमुक आले' असें आदरार्थीं लिहिल्यास लिंगाचा प्रश्नही बहुतांशीं मिटतो. संगणक जन्मास येण्यापूर्वीं शेंकडों वर्षें चिटणिसांनीं ही रिकाम्या जागेची युक्ति वापरली होती. तेही साचेच लिहीत होते, फक्त बोरूनें.

एकाच इंग्रजी शब्दाचे मराठींत दोन शब्द होतात, त्याचा उल्लेख करून पुढें जातों. आमच्या त्याच रुग्णालयाच्या कामांत 'डिस्चार्ज' हा शब्द दोन ठिकाणीं होता. एके ठिकाणीं त्याचा अर्थ रोग्यास घरीं सोडणें, दुसऱ्या ठिकाणीं जखमेंतून होणारा स्राव. वहींत खूण एकच असल्यामुळें भाषांतरकारानें एकच शब्द लिहिला, आणि एका अर्जावर 'जखमेस घरीं सोडलें आहे काय?' असें उमटलें. हें छापण्यापूर्वीं दिसलें म्हणून हंसून सोडतां आलें. यावर उपाय म्हणजे खुणेबरोबर संदर्भही लिहावा. गेटटेक्स्टमध्यें त्यासाठीं नोंदींत निराळी ओळ असते. मीडियाविकिमध्यें तर प्रत्येक खुणेचें स्पष्टीकरण लिहिण्यासाठीं एक स्वतंत्र वहीच आहे, जणूं ती एक भाषाच. भाषांतरकारास साचा दिसत नसतो, त्याला केवळ वही दिसते, हें साचा करणाऱ्यानें विसरूं नये.

शेवटीं त्या चौथ्या स्थितीविषयीं. प्रसंग घडल्यानंतर मीं मराठी वहींत ती ओळ घातली, व पुढें 'फेरनमुना आवश्यक' असें मोठ्या ऐटीनें लिहिलें. खिडकीवरील सिस्टरांस दाखविलें तेव्हां त्या म्हणाल्या, "अहो, हें त्या बाबांना कळेल का? आम्ही त्यांना तोंडीं जसें सांगतों तसें लिहा ना." तोंडीं काय सांगतां, असें मीं विचारलें. त्यांनीं सांगितलें तें मीं तेथेंच उभ्या उभ्या वहींत उतरून घेतलें. साच्यास हात लावावा लागला नाहीं. चौथ्या खुणेपुढची एक ओळ तेवढी बदलली. संध्याकाळपासून ज्या कोणाचा नमुना बिघडला असेल त्याच्या पानावर 'तपासणीची स्थिति' या शब्दांपुढें असें दिसूं लागलें: 'रक्त पुन्हां द्यावें लागेल. गांवीं जाऊं नका, खिडकी क्रमांक २ वर या.'